बुरजातले तीन बिनीवाले

"तापीपासून सातपुड्यापर्यंतच्या टापूत ज्याच्या नजरेतून सुई सुटत नाही, ज्याच्या कानातून कुजबुज निसटत नाही आणि ज्याच्या तोंडून एकदा बाहेर पडलेला निष्कर्ष पुन्हा आत जात नाही, असा एकमेव इसम म्हणजे बन्सीलाल गोविंद पाटील, राहणार शहादा."

हे वर्णन बन्सीलाल पाटलांचं होतं आणि केलंही बन्सीलाल पाटलांनीच होतं. दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर, लाल शाईने. त्यातला सुईचा भाग त्यांच्या बायकोला, मोतीबाईंना, मान्य नव्हता, कारण सुईत दोरा ओवायला ते चष्मा घालूनही त्यांच्याचकडे येत. कुजबुजीबद्दल दुमत होतं. निष्कर्षाचं मात्र अगदी खरं होतं. तो परत आत जात नसे. गेला असता तर ही गोष्टच घडली नसती.

बन्सीलाल शहाद्याच्या एसटी स्टँडवर नोकरीला होते. ते ज्या खिडकीत बसत तिच्यावर पाटी होती : 'चौकशी'. दुसरा कोणी असता तर त्याने त्या पाटीचा अर्थ 'इथे गाड्यांच्या वेळा सांगतात' एवढाच घेतला असता. बन्सीलालांना वाटलं, सरकारने आपल्याला ओळखलं. खिडकीशी येऊन कोणी "दोंडाईचानी गाडी कव्हय शे?" असं विचारलं, की ते आधी त्याच्या चपलांकडे बघत, मग पिशवीकडे, मग डोळे बारीक करून म्हणत, "म्हणजे तुम्ही दोंडाईच्याला निघालात." माणूस हो म्हणे. बन्सीलाल मान डोलावत. आणखी एक अंदाज बरोबर निघालेला असे.

ड्यूटी सुटल्यावर ते खासगी तपास करत. धनुबाईंची शेळी हरवली तेव्हा त्यांनी सात दिवस तपास केला, चार संशयित नक्की केले आणि त्यातल्या एकाशी कायमचं वाकडं घेतलं. आठव्या दिवशी शेळी आपण होऊन घरी आली. वहीत नोंद आहे : 'दबावाखाली शरण.'

तर अशा या माणसावर सन त्रेसष्टच्या हिवाळ्यात स्वतःच्याच मुलीच्या लग्नाची केस येऊन पडली, आणि तीही एका नटापायी.

स्टँडसमोर नवलचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बाकं, एक भट्टी आणि त्या वर्षापासून एक रेडिओ. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला त्यावर एक मालिका लागायची : 'रणनवऱ्यांचा बुरूज'. डोंगरातला पडका वाडा, त्याला एक काळा बुरूज. त्यात राहणारे सरदार रणनवरे. त्यांचा अकाली मेलेला जुळा भाऊ, जो मेल्यावर आधीपेक्षा जास्त बोलायचा. भिकोबा नावाचा म्हातारा नोकर. शिवाय एक दिवाणजी, एक डॉक्टर, भाबड्या सरदारीणबाई, आणि बुरजाच्या तळघरात रडणाऱ्या तीन बायका. या बायका कोण आणि का रडतात, ते बारा भाग झाले तरी कळलं नव्हतं. बुरजाचं दार करकरलं, की नवलच्या हॉटेलातले चाळीसेक लोक हातातला कप बशीत ठेवायलाही विसरत.

मालिका संपली की निवेदक कलाकारांची नावं सांगायचा, पण कोणी कोणाचं काम केलं ते सांगायचा नाही. नावं एकूण सात : वामन कारखानीस, यशवंत दिघे, मंदा ओक, कमल ताटके, सुमन परचुरे, शशी गद्रे. आणि थोडं थांबून, "विविध भूमिकांत : दत्ताराम बिनीवाले."

हे थोडं थांबणं बन्सीलालांच्या कानाने टिपलं. त्यांनी नवलकडून खडू मागून घेतला आणि भिंतीवर हिशेब मांडला.

"पुरुष पात्रं पाच. पुरुष कलाकार कारखानीस आणि दिघे, म्हणजे दोन. त्यांना दिवाणजी आणि डॉक्टर देऊन टाका. उरली तीन : सरदार, भावाचं भूत आणि भिकोबा. आता बायका बघा. मंदा या सरदारीणबाई. कमल, सुमन, शशी या तळघरात रडणाऱ्या. हिशेब पुरा. याचा अर्थ, मंडळी, सरदार, भूत आणि भिकोबा हे तिघेही एकटे बिनीवाले आहेत."

गणित चोख होतं. नवलनेही वर खाली दोनदा तपासून पाहिलं.

त्या दिवशी शहाद्यात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, एका गळ्यातून तीन माणसं काढणारा असा नट झाला नाही. दुसऱ्याचं म्हणणं, हा माणूस तीन कलाकारांची कामं खाऊन बसलाय आणि एकही त्याला पचलेलं नाही. भक्त त्यांना आदराने बिनीवाले म्हणत, विरोधक बिनकामवाले. दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत होतं, ते म्हणजे दार करकरलं की अंगावर काटा येतो. पण दार कोणी वाजवलं याचा विचार माणूस करत नाही. दाराला कुठं नाव असतं?

विरोधकांचे पुढारी होते बन्सीलालांचे थोरले भाऊ नथ्थूभाऊ. घरात त्यांचा शब्द शेवटचा. भक्तांचे पुढारी कोरीटचे चुनीलालभाऊ. कापूस आणि केळीवाले, मोठे शेतकरी. गुरुवारी जिनिंगच्या कामाला ते शहाद्याला येत, रात्री बहिणीकडे मुक्काम करत, आणि मधल्या वेळात नवलच्या पहिल्या बाकावर बसून भिकोबासाठी डोळे पुसत. आणि याच चुनीलालभाऊंच्या मुलाशी, प्रेमचंदशी, बन्सीलालांच्या मीनाचं ठरत आलं होतं. मुलगा शिक्षक होता. मुलीने त्याला एकदाच पाहिलं होतं, चहा देताना. त्याने कप घेताना "बसा ना" म्हटलं होतं. एवढ्यावर मीनाचं ठरलेलं होतं.

सुपारी फोडायला रविवारी दुपारी मंडळी बन्सीलालांच्या घरी जमली. पानसुपारीचं तबक मध्ये आलं. नेमकी आदल्या गुरुवारी सरदारांनी बुरजात भिकोबाचा गळा आवळला होता.

नथ्थूभाऊंनी सुपारी हातात घेतली आणि सहज म्हणावं तसं म्हटलं, "तो सरदार भिकोबाना गळा दाबस. दोन्ही एकच माणूस शे म्हनतस. मंग गळा कोना नि हात कोना?"

"हाईच तर कला शे," चुनीलालभाऊ म्हणाले.

"एकलाच भांडस, एकलाच मरस, नि मंग एकलाच रडस. आपन काय करानं?"

"ऐकानं. ज्याले कान शेतस त्यानी."

"माले कान शेतस म्हनीसनच सांगस. तुन्हा भिकोबा बोकडना गत वरडस."

चुनीलालभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. अर्धा भरलेला. मोतीबाईंनी तो परत पुढे सरकवला.

"ज्या घरमा कलानी कदर नही," चुनीलालभाऊ उठत म्हणाले, "तठली पोर मन्हा घरमा नको."

"नि बोकडले कलावंत म्हननारासले आमनी पोर देवानी नही," नथ्थूभाऊ म्हणाले, आणि सुपारी न फोडता तबकात परत टाकली.

पाच मिनिटांत बैठक रिकामी झाली. प्रेमचंद दारात क्षणभर थांबला, वडिलांनी हाक मारली तसा गेला.

त्या रात्री जेवायला मीना वाढत होती. भाकरी वाढली, भाजी वाढली. मग म्हणाली, "बाबा, तो भिंतवरना हिशेब तुम्हीच मांडा व्हता ना?"

बन्सीलालांनी पानात बघितलं. चाळीस माणसांनी वाखाणलेलं गणित पहिल्यांदाच त्यांच्या घशात अडकलं. मुलगी रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. ती नुसती मिठाकडे हात करून विचारत होती, आणखी पाहिजे का म्हणून.

हात धुतल्यावर ते मोतीबाईंना म्हणाले, "मी ही केस हाती घेतली आहे. बिनीवाले या इसमाचं रहस्य मी उकलणार. भांडणाचं मूळ सापडलं की भांडण मिटतं."

"त्याले एक कार्ड लिखीसन इचारी ल्या ना," मोतीबाई म्हणाल्या.

बन्सीलाल दयाळूपणे हसले. "तपास असा होत नसतो."

पहिली पायरी म्हणजे प्रयोग. एका गळ्यातून तीन आवाज निघू शकतात का, हे स्वतःवर करून पाहणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते धान्याच्या कोठीत शिरले आणि दार लावून घेतलं. आतून घोगरा आवाज आला, "भिकोबा, कंदील आण." मग थरथरता, "आणतो, धनी." मग नाकातून, "मीही आलोय." मग पुन्हा घोगरा, "तू तर मेलास." नाकातून, "हो, पण आलोय." मग तिघांनाही ज्वारीच्या धुळीने ठसका लागला.

शेजारच्या शांतीबाईंनी हे अंगणातून ऐकलं. त्या मीठ-मोहऱ्या घेऊनच आल्या. बन्सीलाल बाहेर आले तेव्हा उंबऱ्याशी सहा बायका उभ्या होत्या, आणि कोणी काही विचारायच्या आत त्यांची दृष्ट निघाली. मोहऱ्या चुलीत तडतडल्या. "बहू दृष्ट व्हती," शांतीबाई म्हणाल्या. मोतीबाईंनी त्यांना चहा केला आणि नवऱ्याबद्दल काहीच बोलल्या नाहीत. लग्नाला वीस वर्षं झाली होती.

त्या गुरुवारी पहिला सिद्धान्त कोसळला. भिकोबा मेला नव्हता. मालिकेत गळा आवळलेली माणसं आठवडाभरात बरी होतात. बुरजात वीज पडली आणि सरदार, भूत आणि भिकोबा तिघेही एकाच वेळी ओरडले. एका गळ्यातून तीन किंकाळ्या एकदम निघणं शक्य नव्हतं, हे कोठीत सिद्ध झालेलं होतं. हॉटेलातले चाळीस चेहरे बन्सीलालांकडे वळले.

दुसरा असता तर घरी गेला असता. बन्सीलालांनी डोळे मिटले आणि दोन मिनिटांत उघडले.

"निवेदक काय म्हणतो ते पुन्हा आठवा. 'विविध भूमिकांत : दत्ता, राम, बिनीवाले.' मंडळी, एवढे आठवडे आपण स्वल्पविराम ऐकलेच नाहीत. दत्ता हा एक इसम. राम हा दुसरा. आणि बिनीवाले तिसरा."

नवल भट्टीपाशी चहा गाळत होता. तो म्हणाला, "मन्हं नाव नवलसिंग शे. मंग नवल चहा करस नि सिंग गल्लावर बठस का?"

लोक हसले. पण बन्सीलाल त्या नव्या निष्कर्षासह दोन्ही पुढाऱ्यांकडे गेले, तडजोड होते का बघायला. चुनीलालभाऊ म्हणाले, तिघे असतील तर तिघेही थोर आहेत. नथ्थूभाऊ म्हणाले, तिघे असतील तर बोकड तीन झाले. तपास पुढे सरकला, लग्न होतं तिथेच राहिलं.

त्यानंतरच्या सोमवारी नियतीने स्वतः पाऊल उचललं. बन्सीलालांची त्या दिवशी सुट्टी होती, पण ते सवयीने स्टँडवर बसले होते. एक उंच माणूस आला. काळा कोट, खांद्याला लाकडी पेटी. त्याने घशातून खरखर काढत विचारलं, "अक्कलकुव्याची गाडी कुठं लागते?"

बन्सीलालांच्या हातातलं वर्तमानपत्र गळालं. तो आवाज भिकोबाचा होता. तोच थकवा, तीच फाटलेली किनार. काळा कोट सरदारांचा. आणि पेटीत उरलेले वेश, याबद्दल शंका नको.

त्यांनी चेहरा उपरण्याने झाकला आणि त्याच गाडीत तीन बाकं मागे बसले. तळोद्याला तो माणूस उतरून पाणी प्याला. हेही प्याले. त्याने खोकला काढला. यांनी वहीत लिहिलं : 'खोकला अस्सल वाटतो. कसलेला नट.' अक्कलकुव्याला बाजार भरला होता. डोंगरावरून आलेली माणसं, मिरच्यांचे ढीग, कोंबड्या. काळा कोट गर्दीत शिरला. बन्सीलाल त्याच्या मागे शिरले. मग कोट एका पालाच्या आत गेला, आणि बन्सीलाल जवळच्या माणसांच्या मागे गुपचूप उभे राहिले. ती माणसं एकेक पाऊल पुढे सरकत होती. तेही सरकले. सापळा आवळत चालला होता.

पालाच्या तोंडाशी काळा कोट समोर आला. कोट काढलेला होता, हाताशी उघडी पेटी होती आणि हातात काहीतरी टोकदार होतं.

"बाही वर करा," तो भिकोबाच्या आवाजात म्हणाला.

"मी गुप्तहेर आहे," बन्सीलाल हळूच म्हणाले. "तुमचं खरं नाव मला ठाऊक आहे."

"असेल. बाही वर करा."

"बिनीवाले, आता नाटक पुरे."

"तीन दिवसांपासून तीनशे माणसांना ओरडून सांगतोय बाही वर करा म्हणून," तो माणूस म्हणाला. "तीन गावं झाली. घसा पार गेला. तुमच्या पाया पडतो, बाही वर करा."

मागच्या म्हातारीने बन्सीलालांची बाही वर केली. तो देवीची लस टोचणारा माणूस होता. त्याने बन्सीलालांना टोचलं, वहीत नाव लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली.

बन्सीलाल संध्याकाळच्या गाडीने परतले. दुसऱ्या दिवसापासून दंड सुजला, तिसऱ्या दिवशी ताप भरला. खाटेवर पडून ते आढ्याकडे बघत राहिले. मीना कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत होती. तिच्या हातात कुठेही राग नव्हता, आणि तेच त्यांना तापापेक्षा जास्त जाळत होतं. आजवर जेवढे तपास केले त्यात आपण नेमकं काय शोधून काढलं, हा प्रश्न त्यांच्या मनात पहिल्यांदा आला. शेळी आठवली. तिला बिचारीला कसला दबाव?

बुधवारी दुपारी मोतीबाई खाटेशी येऊन बसल्या. त्यांच्या हातात एक कार्ड होतं.

"हाई दखा," त्या म्हणाल्या. "मी सांगं, मीनानी लिखं. दहा दिन व्हयनात. आते जवाब उना."

"कोणाला लिहिलं?"

"बिनीवालेले. रेडिओना पत्तावर. इचारं, तुम्ही कोन शेतस म्हनीसन."

बन्सीलाल उठून बसले. कार्डावर बारीक, सुबक अक्षर होतं.

'सौ. मोतीबाई पाटील यांस सप्रेम नमस्कार. आपले कार्ड पोचले. मालिकेत मी नेमका कोण, असे आपण विचारले आहे. अकरा वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कोणी विचारलेला नाही, घरीसुद्धा. सरदार, त्यांचे बंधू आणि भिकोबा ही कामे अनुक्रमे कमल ताटके, सुमन परचुरे आणि शशी गद्रे हे करतात. तिघेही पुरुष असून पैकी दोघांना मिशा आहेत. माझ्याकडे पुढील भूमिका आहेत : बुरजाचे दार, घुबड, वारा, घोडा (येताना व जाताना), आणि तीन बायकांचा विलाप. दारासाठी मी जुन्या पाळण्याची कडी वापरतो. मला अद्याप वाक्य मिळालेले नाही. आपल्या गावी माझ्या कामाविषयी दोन मते आहेत असे आपण लिहिता. एकही असेल अशी मला कल्पना नव्हती. आपला, द. वि. बिनीवाले.'

बन्सीलालांनी कार्ड दोनदा वाचलं. मग सवयीने उजेडाकडे धरून शाई तपासली. मग उलटं करून शिक्का बघितला. शिक्का खरा होता. सगळंच खरं होतं. सात नावं, पाच पुरुष, चार बायका. गणित चोख आणि उत्तर पार चुकलेलं. ज्या माणसाच्या बोलण्यावरून दोन घरं तुटली, तो माणूस एक अक्षर बोललेला नव्हता.

"हे आणखी कोणाला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्हले, माले नि मीनाले. ठिवी द्या, नहीतर उद्या नवलना हॉटेलमा वाची दखाडा. तुमनी मर्जी." आणि मोतीबाई चुलीकडे गेल्या.

कार्ड उशीखाली ठेवलं असतं तर भिंतीवरच्या गणितासकट शहादा त्यांना हुशारच मानत राहिलं असतं. बन्सीलालांनी ते उशीखाली ठेवलंही. पाचेक मिनिटं. ओसरीत मीना डाळ निवडत होती. खडा सापडला की ती तो बाजूला टाकत होती, न बघता, न थांबता. त्यांनी कार्ड परत काढलं आणि सदऱ्याच्या खिशात घातलं.

गुरुवारी सात वाजता ते सुजलेला दंड सावरत हॉटेलात गेले. पहिल्या बाकाच्या एका टोकाला चुनीलालभाऊ बसले होते, दुसऱ्या टोकाला नथ्थूभाऊ. मधल्या जागेवर कोणी बसत नव्हतं. बन्सीलाल तिथेच उभे राहिले.

"मंडळी," ते म्हणाले, आणि आवाज नेहमीसारखा निघाला नाही. "एक कार्ड वाचायचं आहे. ते मी मिळवलेलं नाही. माझ्या घरच्यांनी मिळवलं आहे."

त्यांनी ते सगळं वाचलं. मिशा, घुबड, घोडा येताना व जाताना, काही गाळलं नाही. वाचून झाल्यावर खिशातून रुमाल काढला आणि भिंतीवरचं गणित पुसायला लागले. "हे मी मांडलं होतं," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "मला वाटलं, बाईचं नाव म्हणजे बाई. विचारायचं सुचलं नाही. चुनीलालभाऊ, दादा, तुम्ही दोघे भांडलात ते माझ्या खडूमुळे. शिक्षा मात्र पोरीला झाली."

कोणी हसलं नाही. सगळे हसतील अशी त्यांची तयारी होती, तिचा उपयोग झाला नाही.

"म्हंजे मन्हा सरदार…" चुनीलालभाऊ शेवटी म्हणाले.

"कमल."

"कमल," चुनीलालभाऊंनी शब्द जिभेवर फिरवून पाहिला. "मिशावाला?"

"ते लिहिलेलं नाही. दोघांना आहेत."

तेवढ्यात साडेसात झाले. नवलने बटण फिरवलं, रेडिओ तापला, मालिका सुरू झाली. सरदार बोलले, भूत बोललं, दिवाणजी काहीतरी कागद घेऊन आले. त्या दिवशी त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. चाळीस माणसं दुसऱ्याच कोणाची तरी वाट बघत होती. वारा सुटला. घुबड बोललं. आणि मग, कुठल्यातरी जुन्या पाळण्याची कडी हळूच फिरली, आणि बुरजाचं दार उघडलं.

नथ्थूभाऊंनी अंग चोरलं आणि सरकता सरकता ते बाकाच्या मध्यावर आले. चुनीलालभाऊही आले होते. दोघांनी एकमेकांचं मनगट धरलेलं होतं.

"दखं?" चुनीलालभाऊ कुजबुजले. "हाई मन्हा बिनीवाले."

"तुन्हा कसाना?" नथ्थूभाऊ म्हणाले. "दार माले पहिलापासून आवडे. मी कधी दारले नाव ठेवं का?"

चुनीलालभाऊंनी विचार केला. ते खरं होतं. दाराला नथ्थूभाऊंनी कधीच नाव ठेवलं नव्हतं. तीन बायकांनी रडायला सुरुवात केली तेव्हा दोघांनीही एकदम डोळे पुसले, आणि मालिका संपल्यावर "विविध भूमिकांत" असं निवेदक म्हणाला तेव्हा सबंध हॉटेलाने टाळ्या वाजवल्या. सुपारी तिथेच, नवलच्या गल्ल्यावर, पावशेराच्या वजनाने फुटली. नथ्थूभाऊंच्या हातून ती तीन वेळा निसटली, पण फुटली.

लग्न माघात ठरलं. पहिली पत्रिका मोतीबाईंनी बिनीवाल्यांना पाठवली. उत्तर आलं : मंगळवारी दुपारच्या गाडीने येतो.

एवढा मोठा कलावंत येतोय म्हटल्यावर त्याला उतरवून घ्यायला बन्सीलालांशिवाय कोण जाणार? त्यांनी मंगळवारी खिडकीत हार तयार ठेवला. अकरा वर्षं वारा आणि घोडा केलेला माणूस कसा दिसेल, हेही त्यांनी आधीच मनाशी बांधून ठेवलं होतं : छाती रुंद, मान जाड, केस मागे वळवलेले. गाडी आली. बन्सीलाल टाचा उंचावून बघत होते. रुंद छातीचे दोनच जण उतरले. एक केळीचा व्यापारी होता, दुसरा पैलवान, आणि पैलवानाला हार घालून झाल्यावर तो परत काढून घ्यावा लागला.

"अहो," खिडकीशी कोणीतरी म्हणत होतं. हडकुळा, ठेंगणा माणूस, हातात पत्र्याची लहान पेटी. "इथे चहा बरा कुठे मिळतो?"

"समोर. नवलकडे," बन्सीलाल त्याच्या डोक्यावरून बघत म्हणाले. "जरा बाजूला व्हा, मी एका माणसाच्या शोधात आहे."

तो बाजूला झाला. बन्सीलालांनी पुढची गाडी पाहिली, त्याच्या पुढची पाहिली, ऊन कलल्यावर हार हातात घेऊन ते खांदे पाडून हॉटेलकडे निघाले.

आत गर्दी होती. पहिल्या बाकावर चुनीलालभाऊ आणि नथ्थूभाऊ बसले होते, आणि त्यांच्या मध्ये, दोघांकडून एकेक भजं बशीत येत असलेला, तो ठेंगणा माणूस. मोतीबाई आणि शांतीबाई दारापाशी उभ्या होत्या. नवल गल्ल्यावरून म्हणाला, "बन्सीभाऊ, कोठे व्हतात? बिनीवाले दोन तासपासून इठेच शेतस."

बन्सीलाल जागच्या जागी थबकले. "तुला कसं समजलं?"

"इचारं," नवल म्हणाला. "कोन गावना पाव्हना म्हनीसन."

बन्सीलालांनी त्या माणसाकडे बघितलं. तो संकोचून उठला होता, हातात अर्धं भजं होतं.

"मघाशी खिडकीत तुम्ही सांगायचं नाही का?" बन्सीलाल म्हणाले.

"तुम्ही कोणाला तरी शोधत होता," बिनीवाले हळूच म्हणाले. "म्हटलं, मध्ये कशाला बोला. मला सवय नाही."

मोतीबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही त्यात मावलं नाही. मग शांतीबाई हसल्या, मग बाकावरचे दोन्ही व्याही. बन्सीलालांनी हार त्या माणसाच्या गळ्यात घातला, पैलवानाच्या मापाचा, तो त्याच्या गुडघ्यापर्यंत आला. आणि त्याच्या शेजारी, बाकावर उरलेल्या वीतभर जागेत, तेही हसत टेकले.